बाहेरचा ठिपका वगळा

सकाळचे अकरा. डोंबिवली पूर्वेला एका कॉलेजचा दुसरा मजला, संख्याशास्त्राची प्रयोगशाळा. टेबलावर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरला झेंडूचा हार, पुढे समई. शेजारी गणित आणि संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख दातार सर, सफारी सुटात. मी बातमीदार म्हणून पहिल्या रांगेत.

प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला, उद्याच्या जगात गणिताला केवढं मोल येणार आहे यावर लांबलचक भाषण केलं. मग हौसेने म्हणाले, "चला, आता चालू करून दाखवा!"

दातार सर गडबडले. पाहुण्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज नाही साहेब. आज फक्त उद्घाटन आहे."

आणि टाळ्या पडल्या! 'आधुनिक प्रयोगशाळेचा शुभारंभ' अशी बातमी मी स्वतः लिहिली, फोटोसकट छापून आली.

बातमी छापली की संपते. किस्सा छापला जात नाही, म्हणून तो साठत जातो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी कल्याण-डोंबिवलीच्या बातम्या करायचो. महापालिकेचे, पोलीस चौकीचे, पाण्याच्या टँकरचे किस्से माझ्याकडे ढिगाने आहेत. ते सांगितले की लोक हसतात, मीही हसतो. या एका विभागाचे किस्से सांगायला लागलो की लोक हसतात आणि मी चिडतो. बायको म्हणते, "तुम्ही तो विषय काढू नका, तुमचं बीपी वाढतं." वाढू दे!

हे सगळं माझ्यापर्यंत यायचं गद्रेकडून. गद्रे माझा शाळासोबती, त्याच विभागात संख्याशास्त्र शिकवायचा. संध्याकाळी पाचला फडके रोडवरच्या हॉटेलात आम्ही चहाला बसायचो. काही दिवशी तो चहा नुसता ढवळत राहायचा. त्यावरून मला कळायचं की आज काहीतरी झालंय.

*

कॉम्प्युटरवर मखमली अभ्रा चढला आणि खोलीला कुलूप लागलं. मुलांनी आत जायचं नाही, धूळ जाते. पण अभ्यासक्रमात तर प्रोग्रॅमिंग होतं. मग काय करायचं? मुलं प्रोग्रॅम जर्नलमध्ये पेनाने लिहायची. त्याखाली चौकट आखून 'आउटपुट' असं लिहायची आणि कॉम्प्युटरने काय उत्तर दिलं असतं ते कॅल्क्युलेटरवर काढून पेन्सिलीने भरायची.

परीक्षेला मुंबईहून बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी एका मुलाचं जर्नल उघडलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि दोन मार्क कापले.

मुलगा म्हणाला, "सर, प्रोग्रॅम बरोबर आहे ना?"

"प्रोग्रॅम बरोबर आहे. आउटपुटचं अक्षर सुधार!"

*

संभाव्यतेच्या धड्यात नाणं उडवायचा प्रयोग असतो. नाणं शंभर वेळा उडवायचं आणि छापा किती, काटा किती ते लिहायचं. या विभागात नाणं कोणी उडवलंच नव्हतं. मागच्या वर्षीच्या मुलाचं जर्नल घ्यायचं आणि उतरवायचं. तो मागच्या वर्षीचा मुलगाही त्याच्या मागच्याचं उतरवायचा.

गद्रे नवीन नवीन होता. त्याने एका दुपारी सगळ्या वर्गाला खरोखरची नाणी उडवायला लावली. फरशीवर खणखणाट. मुलं ओरडताहेत, नाणी बाकांखाली घरंगळताहेत. गद्रे सांगायचा, त्या मुलांना तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं.

आवाज ऐकून दातार सर आले. एका मुलाचं जर्नल बघितलं. छापे बरेच जास्त आले होते, काटे कमी. येतात तसे कधीकधी, त्यात काही बिघडलेलं नसतं.

"हे काय? निम्मे-निम्मे यायला पाहिजेत."

"सर, असेच आले."

दातार सरांनी जर्नल परत केलं. "चालणार नाही. परत उडवा. आणि या वेळी सिद्धांताला धरून उडवा!"

मला हा किस्सा गद्रेने सांगितला तेव्हा मी इतका हसलो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. गद्रे हसला नाही. तो म्हणाला, "अरे, यातली अर्धी मुलं उद्या नोकरीला लागतील. कोणीतरी यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवेल."

*

त्या वर्षी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे वर्क्स मॅनेजर पै आपणहून कॉलेजात आले. पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना. त्यांना क्वालिटी कंट्रोलसाठी संख्याशास्त्र शिकलेलं माणूस हवं होतं. बाहेर स्पर्धा वाढतेय, गिऱ्हाईक आता माल मोजून घेतं, असं ते तळमळीने सांगत होते.

दातार सर म्हणाले, "आमची मुलं कारखान्यात जात नाहीत. बँक, नाहीतर बी.एड."

"आणि मुली?"

"मुली लग्न होईपर्यंत क्लास घेतात."

पै चिवट. म्हणाले, मला वर्गावर पाच मिनिटं द्या. गद्रेच्या तासाला ते आत आले आणि खिशातून मूठभर लोखंडी पिना काढून टेबलावर ओतल्या. शेजारी व्हर्नियर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, ठेवला. "या पंपात बसतात. यात काहीतरी गडबड आहे. कशी शोधाल?"

मुलं पुस्तकाची पानं उलटायला लागली. शेवटी अभय उठला. वर्गातला पहिला नंबर, दातार सरांचा लाडका. अतिशय नम्रपणे त्याने विचारलं, "सर, हे कुठल्या चॅप्टरमधलं आहे?"

पै म्हणाले, "चॅप्टर?"

"हो सर. चॅप्टर सांगा, लगेच सोडवतो!"

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी पुढे आली. सुरेखा म्हात्रे. कोपर गावची, खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातली. तिने पिना हातात घेतल्या, एकेक व्हर्नियरमध्ये धरली आणि म्हणाली, "या सगळ्या एकाच मशीनवरच्या आहेत का? की मिसळल्यात?"

"मिसळल्यात," पै म्हणाले.

"मग आधी वेगळ्या करून द्या ना. अशा बघून काय कळणार?"

पैंनी तिला तिथेच सांगितलं: दर शनिवारी कारखान्यात ये, काम शिक. परीक्षा पास झालीस की जूनपासून नोकरी पक्की. "पास मात्र व्हायला पाहिजेस हं. आमच्या हेड ऑफिसला डिग्री लागते, त्यात माझं चालत नाही."

त्या घरात पगार कोणी बघितला नव्हता. खाडीत केमिकलचं पाणी यायला लागल्यापासून बापाच्या जाळ्यात मासळीपेक्षा फेस जास्त यायचा. आई मुंबईचा मासा आणून डोंबिवली पश्चिमेच्या बाजारात विकायची. त्या जूनकडे सगळं घर डोळे लावून बसलं.

दातार सरांनी शनिवारची परवानगी दिली, पण गद्रेला ऐकवलंच. "द्या पाठवून. कोपरच्या मुली शेवटी कोपरलाच जातात."

*

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझा संताप तुमच्यापर्यंत पोचायचा नाही. सोपी आहे, मला कळली म्हणजे कोणालाही कळेल.

कारखान्यात दर तासाला मशीनवरच्या थोड्या पिना उचलून मोजतात आणि त्यांच्या सरासरीचा एक ठिपका कागदावर मांडतात. वर एक रेघ, खाली एक रेघ, दोन्ही त्याच मोजमापांवरून हिशेबाने काढलेल्या. ठिपके दोन रेघांच्या आत असले की मशीन ठीक. एखादा बाहेर गेला की थांबायचं आणि कारण शोधायचं. हत्यार झिजलं असेल, लोखंड बदललं असेल, पाळी बदलली असेल. याला म्हणतात कंट्रोल चार्ट.

कॉलेजातही हेच शिकवतात, फक्त शेवट वेगळा. पुस्तकात लिहिलेलं असतं की कारण सापडलं तर तो ठिपका वगळून रेघा पुन्हा काढा. प्रयोगशाळेत मशीन नाही, मग कारण कुठून सापडणार? म्हणून कारणाची ओळ हळूहळू गळून पडली. उरलं काय? ठिपका बाहेर गेला, वगळा. पुन्हा काढा. अजून एक बाहेर गेला, तोही वगळा. सगळे आत आले की खाली लिहा, 'प्रक्रिया नियंत्रणात आहे.' आणि दुहेरी रेघ मारा.

"तुम्ही सगळे असंच शिकवता?" मी गद्रेला विचारलं.

"मी कारणाचं सांगतो वर्गात. पण परीक्षेत कारण लिहायला जागा नाही रे!"

*

सुरेखा शनिवारी कारखान्यात जायला लागली. पहिल्याच महिन्यात तिचा एक ठिपका रेघेबाहेर गेला. तिने पिना कातणारा लेथ थांबवायला लावला. लेथवरचा माणूस वयाने तिच्या बापाएवढा, रागाने लाल झाला.

"ओ ताई, तुमच्या त्या टिकलीपायी माझा ओव्हरटाइम बुडाला!"

"काका, हत्यार तरी बघा ना एकदा."

त्याने हत्यार काढलं. टोक उडालेलं होतं. ते बदललं, मशीन चालू केलं. पुढच्या शनिवारी ती दारात दिसल्याबरोबर तो ओरडला, "चला रे, आवरा! टिकलीवाली आली!" मग त्या नावानेच तिला सगळे हाक मारायला लागले. पै हे सांगताना खूश व्हायचे. मला म्हणाले, "ही मुलगी मला सोन्याच्या मोलाची आहे. फक्त पास होऊ दे."

*

मार्च. प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक तेच, आउटपुटच्या अक्षराचे मार्क कापणारे. कंट्रोल चार्टचा प्रश्न आला. आकडे असे घातलेले असतात की एक ठिपका बाहेर जातोच, तेवढी वर्षानुवर्षांची परंपरा.

सगळ्या वर्गाने ठिपका वगळला. सुरेखाने वगळला नाही. तिने खाली लिहिलं, 'या नमुन्याच्या वेळी काय बदललं ते शोधावं. कारण सापडेपर्यंत हा ठिपका वगळता येणार नाही आणि माल पाठवू नये.'

परीक्षकांनी तिला समोर बोलावलं. गद्रे अंतर्गत परीक्षक म्हणून तिथेच बसला होता, म्हणून मला हे शब्दन् शब्द माहीत आहे.

"ठिपका का नाही वगळलास?"

"सर, कारण कळल्याशिवाय कसा वगळू?"

"इथे मशीन आहे का?"

"नाही सर."

"मग कारण कुठून कळणार?"

"नाही कळणार सर. म्हणून तर वगळता येत नाही."

दातार सर मध्ये पडले. "अगं, सगळ्या वर्गाने वगळला. तूच एकटी शहाणी का?"

"सर, कारखान्यात असं केलं तर..."

"हा कारखाना नाही. परीक्षा आहे!"

गद्रे म्हणाला, "सर, तिचं बरोबर आहे. पुस्तकातही कारण सापडलं तरच वगळा असं आहे."

दातार सर त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "गद्रे, तुम्ही अंतर्गत आहात. गप्प बसा."

त्या प्रश्नाला शून्य. प्रात्यक्षिकात नापास. म्हणून पदवी नाही. म्हणून जून नाही.

*

निकालानंतर सुरेखाची आई आमच्या कचेरीत आली. बाजार उरकून थेट आलेली, हातात रिकामी पाटी. पोरगी मागे उभी, मान वर करत नव्हती. मी परीक्षा, परीक्षक, फेरतपासणी असं काहीबाही समजवायला लागलो. बाईने हात वर करून मला थांबवलं.

"त्ये ऱ्हाव द्या सायेब. जागा गेली का ऱ्हायली, त्येवढं सांगा."

मी पैंना फोन लावला.  ते म्हणाले, "हेड ऑफिसने माणूस घेतला. त्याच कॉलेजचा. डिस्टिंक्शन आहे."

अभय!

मी फोन ठेवला आणि सांगितलं, "गेली."

"मंग चल गो," आई म्हणाली आणि पाटी उचलून दोघी निघून गेल्या. मला इतकं काही बोलायचं होतं. त्यातलं त्यांच्या कामाचं काहीच नव्हतं.

मी बातमी लिहिली. संपादकांनी वाचली आणि चष्मा काढला. "अरे बाबा, ठिपक्यावर बातमी? कोण वाचणार? पाणीटंचाई आण!" मी भांडलो. दोन दिवस भांडलो. शेवटी चौथ्या पानावर, वधू-वर मंडळाच्या जाहिरातीखाली जागा मिळाली. मथळा त्यांनीच दिला: 'विद्यार्थिनीची तक्रार.' तिने तक्रार केलीच नव्हती. तक्रार माझी होती!

*

अभय वाईट मुलगा नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. वक्तशीर, हुशार, कोणाला उलट न बोलणारा. कारखान्यात त्याने कंट्रोल चार्ट इतका सुबक ठेवला की पै तो पाहुण्यांना दाखवायचे. आखीव रेघा, शाईचे ठिपके, सगळे आत.

पावसाळा सरता सरता गुजरातमधल्या गिऱ्हाइकाने अख्खा माल परत पाठवला. पिना पंपात बसतच नव्हत्या. ट्रक गेटवर उभा. पै धावत अभयच्या टेबलाशी गेले, चार्ट उघडला. एकही ठिपका बाहेर नाही.

"मशीन बरोबर, चार्ट बरोबर, मग माल वाईट कसा?"

अभयलाही कळेना. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मधे बाहेर जात होते काही. मी वगळले."

"वगळले?"

"हो सर. मग सगळे आत येतात."

पै मला म्हणाले, "मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं, आणि तो विचारतो, 'सर, रेघा पुन्हा काढल्यात मी. चुकल्या आहेत का?' काय बोलणार हो त्याला? तुमच्या कॉलेजने त्याला याच कामासाठी डिस्टिंक्शन दिलंय!"

माझं कॉलेज! मी त्या कॉलेजचा कोण? पण त्या दिवशी पैंना समोर मीच सापडलो होतो.

अभयची नोकरी गेली. मी दातार सरांना गाठलं आणि ही हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "विद्यार्थी प्रॅक्टिकलमध्ये कमी पडला असेल. आमच्याकडे त्याला उत्तम मार्क होते."

सुरेखाला आता तरी घ्या, म्हणून मी पैंच्या मागे लागलो. त्यांनी हेड ऑफिसला विचारलं. हेड ऑफिसने ती जागाच रद्द केली. उत्तर आलं, 'संख्याशास्त्रवाले पुन्हा नकोत. डिप्लोमावाला बघा.'

*

ऑक्टोबर. फेरपरीक्षा. तीच प्रयोगशाळा. खुर्चीत दातार सर, शेजारी गद्रे, समोर बाहेरचे परीक्षक, तेच. मधल्या काळात ट्रक परत आल्याची गोष्ट एमआयडीसीभर झाली होती. ती मुंबईला पोचली होती की नाही, ठाऊक नाही.

आदल्या दिवशी गद्रेने सुरेखाला घरी बोलावून समजावलं होतं. "वगळ बाई या वेळी. पास हो आणि मोकळी हो. नंतर आयुष्यभर खरं ते कर."

"हो सर, वगळते," ती म्हणाली होती.

प्रश्न कंट्रोल चार्टचाच. आकडे वेगळे, पण एक ठिपका बाहेर जाणार तो गेलाच. सुरेखाने चार्ट काढला. गद्रे खुर्चीतून मान वाकडी करून बघत होता. ठिपका होता तिथेच होता. खाली तिने लिहिलं, 'या नमुन्याच्या वेळी काय बदललं ते शोधावं. कारण सापडेपर्यंत हा ठिपका वगळता येणार नाही आणि माल पाठवू नये.' मार्चमधलंच वाक्य, शब्दाला शब्द.

परीक्षकांनी पेपर हातात घेतला. खालची ओळ वाचली. दातार सर खिडकीबाहेर बघत होते. कोणी काही विचारलं नाही.

"जा," परीक्षक म्हणाले.

सुरेखा पास झाली. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी.

मी दातार सरांना विचारलं, मार्चमध्ये चुकीचं होतं ते ऑक्टोबरमध्ये बरोबर कसं झालं? ते म्हणाले, "नियमाप्रमाणे फेरपरीक्षा झाली, विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली. विषय संपला." परीक्षकांना मुंबईला जाऊन त्यांच्या घराच्या दारात विचारलं. ते म्हणाले, "मी परीक्षक आहे. प्रश्न मी विचारतो." विद्यापीठाच्या कचेरीत विचारलं. "कळवतो," म्हणाले.

मुलगी एक, उत्तर एक, परीक्षक एक. मार्चमध्ये शून्य, ऑक्टोबरमध्ये पैकीच्या पैकी. अजून कळवलेलं नाही.